रोहिणीताई, आमच्या घरातल्या दोघींकडून थँक्यू

रोहिणीताई, नमस्कार. रोहिणी हट्टंगडींना पत्र लिहायचं म्हटलं की सगळे गांधी सिनेमापासून सुरू करतात, मी 'चार दिवस सासूचे' या मालिकेपासून करते कारण माझं काम त्यानेच केलंय.

मी साताऱ्याची, लग्न होऊन अमळनेरला आले. सासूबाई पक्क्या अहिराणी, त्या बोलायच्या भराभर आणि मी नुसती मान हलवायचे, त्यात त्यांचा आवाज असा की साधं पाणी मागितलं तरी वाटायचं रागावल्यात. दिवसभर दोघी एका स्वयंपाकघरात, पण बोलणं काय तर मीठ आणि दळण. आणि मग संध्याकाळी ईटीव्ही मराठीवर तुम्ही यायच्या. तुमची आशालता देशमुख सुनेला, अनुराधेला काही बोलली की सासूबाई माझ्याकडे बघायच्या आणि मी टीव्हीकडे. हळूहळू आमचं भांडण देशमुखांच्या घरातून सुरू झालं! मला भाजीत तिखट जास्त वाटलं तर मी म्हणायचे, अनुराधा बिचारी किती सोसते, आणि त्या म्हणायच्या, "अशी गप ऱ्हायनी ते कोनी इचारत नही." म्हणजे टोमणा होता की सल्ला, मला आजही नक्की सांगता येणार नाही, पण त्यानंतर मी बोलायला लागले हे खरं.

लोडशेडिंगचे दिवस आठवतात का कुणाला? ऐन मालिकेच्या टायमाला लाईट जायची. मग पारोळ्याच्या मावशीला फोन, तिकडे लाईट असेल तर ती सगळा एपिसोड सांगायची आणि सासूबाई तो मला परत सांगायच्या, मधे स्वतःचे दोन डायलॉग घालून. माझी अहिराणी अशीच पक्की झाली. सखाराम महाराजांच्या यात्रेत सुद्धा पाळण्यापाशी घुटमळणाऱ्या पोरांना ओढत मालिकेच्या आधी घरी आणायच्या.

एकदा २ ऑक्टोबरला टीव्हीवर गांधी लागला होता आणि सासूबाई शेंगा फोडता फोडता ओरडल्या, "हाई ते आपली आशालता शे ना व माय!" त्यांना कस्तुरबा वगैरे नंतर, आधी आपली आशालता. तुम्ही दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात (एनएसडीत) शिकलात, कस्तुरबांच्या कामाला बाफ्टा हा ब्रिटनचा मोठा सिनेपुरस्कार मिळाला, हे मी वाचून सांगितलं तेव्हा त्या नुसत्या हं म्हणाल्या. पण शूटिंगच्या वेळी तुम्ही तिशीच्या आतबाहेर होता आणि म्हातारपणापर्यंतच्या कस्तुरबा केल्या, पुढे १९८४ च्या सारांशमध्ये मुलगा गमावलेली म्हातारी आई केली, तेही जेमतेम तेहतिशीत, हे ऐकल्यावर मात्र त्या बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिल्या. अग्निपथमध्ये तर अमिताभची आई, जो तुमच्यापेक्षा मोठा आहे! मला यात थोडा रागही येतो, बाईला इतक्या लवकर आई करून टाकतात म्हणून, पण तुम्ही त्या प्रत्येक आईला वेगळा कणा दिला.

आणि मालिका म्हणजे २००१ ते २०१३, ३००० च्या वर एपिसोड. डेली सोपवाल्यांना लोक हलकं समजतात, पण नाटक-सिनेमा करून आलेल्या बाईने रोज तीच साडी-दागिने-जरब घेऊन उभं राहायचं आणि आशालता एका दिवसासाठीही उगीच ओरडणारी बाई वाटू द्यायची नाही, हे काम हलकं कसं? २००८ मध्ये तुमचे पती जयदेव हट्टंगडी गेले तेव्हाही मालिका चालूच होती. आम्ही बातमी नंतर वाचली. त्या रात्री सासूबाईंनी आशालतेला नावं ठेवली नाहीत, एवढं मला माहीत आहे.

नंतर होणार सून मी ह्या घरचीमध्ये तुम्ही आईआजी म्हणून आलात, एकदम मायाळू. सासूबाईंना ते पचायला वेळ लागला, त्या बरेच दिवस वाट बघत होत्या की आता ही कधी डाफरते.

तर थँक्यू ताई, आम्हाला तिसऱ्याच घराबद्दल बोलायला दिलंत म्हणून. सासूबाई आता थकल्यात पण एक निरोप पोचव म्हणून मागे लागल्यात: अनुराधेला इतकं धारेवर धरायला नको होतं. मी लिहून पोचवतेय फक्त. माझ्या मते जे केलं ते बरोबर केलं, आणि यावरून आत्ताच आमचं परत वाजलंय.




तुमची,
अमळनेरची सून