कोरं जेल विसरू नका म्हणणाऱ्या मामांना

आदरणीय मामा,
सादर नमस्कार.

प्रकल्प अहवालातल्या आभाराच्या पानावर प्राचार्य, विभागप्रमुख, मार्गदर्शक अशी ठरलेली उतरंड असते. लॅबमधले मामा त्यात ‘इतर कर्मचारी’ असतात. जखमेवर लावायच्या आमच्या एकदांडीच्या जेलमध्ये जमलेलं बरंचसं तुमच्या सांगण्यातलं आहे, म्हणून हे पत्र वेगळं आणि उघड. पुढच्या तुकडीलाही वाचता येईल.

एकदांडी म्हणजे दगडीपाला. विळा लागला की चुरडून रस लावतात, तोच. फुलासकट नमुना पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणातून ओळखून घ्या, हा तुमचा पहिला आग्रह. पाला सावलीत वाळवायचा, भरडच दळायचा. मैद्यासारखी पूड थिंबलमध्ये, म्हणजे पूड भरायच्या नळीत, ठासली की सॉक्सलेट (अल्कोहोल फिरवून अर्क काढायचं उपकरण) तुंबतो. अर्क आटवताना अल्कोहोलचा मागमूस उरू द्यायचा नाही. उरलेलं अल्कोहोल जखमेला झोंबतं आणि जंतूंच्या चाचणीत खोटं यश देतं.

खरी शिकवण जेलच्या भांड्यापाशी मिळाली. 100 ग्रॅमला कार्बोपोल 940, म्हणजे जेल घट्ट करणारी पूड, एक ग्रॅम. ते पाण्यात ओतायचं नाही, ढवळत्या पाण्यावर चिमटीने भुरभुरायचं, नाहीतर बाहेरून चिकट आणि आत कोरड्या अशा गुठळ्या होतात. मग रातभर भिजू द्यायचं. जेल टिकवण्यासाठी मिथाइल पॅराबेन 0.15 आणि प्रोपाइल पॅराबेन 0.03 ग्रॅम, दोन्ही 5 ग्रॅम कोमट प्रोपिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळवायचे, त्यातच 5 ग्रॅम अर्क खलायचा. सगळं एकजीव होऊन बुडबुडे निघून गेले, की शेवटी आम्लपणा मारून जेल घट्ट करणारं ट्रायइथेनॉलअमाइन थेंबाथेंबाने, पीएच साधारण 6.5 येईपर्यंत. घट्ट झाल्यावर अडकलेली हवा सहजी बाहेर पडत नाही, म्हणून घाई नको.

एवढं करूनही जेल पातळ राहिलं तर? सगळे कार्बोपोल वाढवतात. तुम्ही अर्काकडे बोट दाखवायचात. पाल्यातले क्षार अर्कात उतरतात आणि कार्बोपोलची फुगलेली जाळी त्या क्षारांनी आकसते. अर्काचं प्रमाण कमी करून पाहावं, नाहीतर कार्बोपोलऐवजी एचपीएमसी या दुसऱ्या घट्ट करणाऱ्या पुडीचा बेस घ्यावा.

चिकटपणा मोजताना जेल 24 तास स्वस्थ ठेवायचं, स्पिंडल (मापकाची जेलमध्ये फिरणारी दांडी) आणि वेग दर वेळी तेच. ढवळलं की हे जेल पातळ होतं, त्यामुळे वेग बदलला की आकडेही बदलतात. पसरण्याची चाचणी दोन काचपट्ट्यांत होते, त्यात फारसं काही नाही.

पण कोरं जेल! अर्क सोडून बाकी सगळं असलेलं जेल चाचणीत हवंच, हे तुम्ही इतक्यांदा सांगितलंत की आम्ही वैतागलो होतो. स्टॅफिलोकॉकस हे जंतू वाढवलेल्या आगार प्लेटवर अर्काच्या जेलभोवती स्वच्छ वर्तुळ दिसतं, पण पॅराबेनही जंतूंना रोखतात. पीएच नीट न जुळवलेलं आंबट जेलही रोखतं. कोऱ्या जेलचं वर्तुळ शेजारी नसेल तर श्रेय कोणाचं, हे कसं ठरवणार? उंदरांवरच्या जखमेच्या चाचणीतही तेच. नैतिक समितीची परवानगी मिळाल्यावर गट चार: उपचाराविना, कोरं जेल, पोव्हिडोन आयोडीन (नेहमीचं जंतुनाशक) आणि अर्काचं जेल. जखम नुसती ओलसर राहिली तरीही लवकर भरते, आणि तो ओलावा कोऱ्या जेलमध्येही असतोच. पारदर्शक कागदावर जखमेची कड गिरवायची, आलेख कागदावर चौकोन मोजायचे, पहिल्या दिवसाच्या क्षेत्रफळातून वजा करून टक्केवारी काढायची. शिवाय उंदराची कातडी सैल असते, जखम आकसूनच बरीचशी मिटते; माणसाचं तसं नाही. म्हणून अहवालात ‘माणसांवर गुणकारी’ असं लिहू नका, हेही तुमचंच.

मनापासून आभार, मामा.

आपले,
अंतिम वर्ष बी. फार्म.चे विद्यार्थी

ता. क. थिंबल धुऊन वाळत घातलेत. पीएच मीटरचा इलेक्ट्रोड कोरडा ठेवलेला नाही, पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात बुडवलाय.