कुंभार्ली घाटात चार माणसं बसवून गाडी चालवा, मग डिझेलवर लिहा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात रविवारी गाड्यांचं पान येतं ते मी नेमाने वाचतो, पण वर्षभरात त्यात तीन-चार वेळा तरी डिझेल गाड्यांचे दिवस भरले, आता डिझेल घेणं म्हणजे वेडेपणा, असं काहीतरी वाचायला मिळालं आणि दर वेळी वाटलं की लिहिणारे साहेब मुंबई-पुण्याच्या बाहेर गाडी काढत नसावेत. म्हणून हे पत्र. लांबलं तर कात्री लावा पण मधला मुद्दा कापू नका.

माझा ठिबकच्या आणि पाइप फिटिंगच्या मालाचा धंदा आहे, कराडला. हल्ली महिन्याला अडीच हजार किलोमीटर सहज होतात, त्यातले बरेच कराड-पाटण-कोयनानगर-चिपळूण या रोडवर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, हेळवाक सोडलं की कुंभार्ली घाट सुरू होतो आणि खाली पोफळीपर्यंत वळणंच वळणं. पावसाळ्यात धुकं असं की समोरच्या ट्रकचा लाल दिवा तेवढा दिसतो. पोफळीकडनं वर येताना गाडीत चार माणसं, मागे डिकीत माल, एसी चालू, पुढे बारा चाकी ट्रक दहाच्या स्पीडने चाललाय आणि मध्येच शंभर मीटर सरळ रस्ता मिळाला, तेवढ्यात ओव्हरटेक मारायचा, इथे गाडी कळते. शोरूमच्या मागच्या गल्लीत राउंड मारून नाही कळत.

आमच्या घरात पहिली डिझेल इंडिका. बाबांनी सेकंडहँड घेतलेली, १४०५ सीसीचं बिनटर्बोचं इंजिन, आवाज असा की कोपऱ्यावर वळली की आई चहा टाकायची. घाटात ताकद विचारूच नका, दुसऱ्या गिअरवर घुमत घुमत जायची. पण बसायला आरामशीर, खड्ड्यात मऊ, मागे तीन माणसं नीट मावायची, लांबच्या प्रवासात पाठ दुखली असं घरात कोणी म्हटलं नाही. १९९८ च्या डिसेंबरात टाटांनी ही गाडी आणली तेव्हा छोटी डिझेल गाडी म्हणून गावोगावच्या टुरिस्टवाल्यांनी ती उचलली, आणि डिझेल म्हणजे टॅक्सी हा शिक्काही तिथेच बसला.

मग २०१२ ला मी स्विफ्ट डिझेल घेतली, ती अजून आहे, दोन लाख चाळीस हजार किलोमीटर झालेत. तिच्यात जे १२४८ सीसीचं इंजिन होतं ते मुळात फियाटचं, १.३ मल्टिजेट. आपल्याकडे ते रांजणगावला बनायचं, मारुती तिकडे मानेसरला बनवायची, आणि एकच इंजिन स्विफ्ट, डिझायर, एर्टिगा, ब्रेझा, पुंटो, लिनिया, व्हिस्टा, मांझा, झेस्ट अशा कितीतरी गाड्यांत बसलं, लोक त्याला गमतीनं राष्ट्रीय इंजिन म्हणायचे ते खोटं नव्हतं. त्या स्विफ्टच्या पेट्रोलला टॉर्क, म्हणजे ओढायची ताकद, ११४ न्यूटन मीटर आणि तोसुद्धा ४००० आरपीएमला, डिझेलला १९० आणि २००० आरपीएमलाच. आता घाटात गाडी चढवताना इंजिन दोन-अडीच हजारावरच असतं ना, चार हजारावर कोण चढवतो? तिथे ताकद मिळाली तर ओव्हरटेक होतो, नाहीतर ट्रकचा धूर खात बसा. अर्थात या इंजिनाला २००० च्या खाली टर्बो लॅग होता हे सगळ्यांना माहीत आहे, हेअरपिनला स्पीड पडला की तिसरा सोडून दुसरा टाकायचा, नाहीतर गाडी क्षणभर झोपते आणि मग एकदम पळते. महिनाभरात पायाला सवय होते.

हँडलिंगचं म्हणाल तर इथे डिझेलवाल्यांनीही खरं बोललं पाहिजे. डिझेल इंजिन जड असतं. तीच स्विफ्ट डिझेलमध्ये पेट्रोलपेक्षा शंभरेक किलो जास्त भरते आणि ते वजन सगळं नाकावर, त्यामुळे वळणात जोरात घातली तर पेट्रोल गाडी जशी पटकन आत वळते तशी डिझेल वळत नाही, तोंड थोडं बाहेर जातं. पेट्रोल स्विफ्ट चालवून लगेच डिझेलमध्ये बसलं की फरक हातालाच कळतो. पण हेच वजन हायवेला उपयोगी पडतं, सातारा-कराडच्या पट्ट्यात शंभरच्या स्पीडला शेजारून बस गेली तर गाडी हलत नाही.

या सगळ्यात मला खरी आवडलेली गाडी माझी नव्हती, मित्राची होती. पुंटो, ९० हॉर्सपॉवरवाली. तेच मल्टिजेट इंजिन, पण गाडी अकराशे किलोच्या वर, दार लावलं की तिजोरी लावल्यासारखा आवाज, आणि स्टिअरिंग हायड्रॉलिक. पार्किंगला हात दुखायचे पण घाटात ते स्टिअरिंग सांगायचं की पुढच्या चाकाखाली काय आहे, ओलं आहे, खडी आहे, का डांबर संपलं. आताच्या इलेक्ट्रिक स्टिअरिंगमध्ये एका बोटाने गाडी फिरते, बायकोला ते आवडतं, मलाही बाजारपेठेत आवडतं, पण कुंभार्लीत ती पुंटो खड्ड्यातनं ज्या पद्धतीने जायची, धाडकन नाही, नुसता दबका धप आणि लगेच स्थिर, तशी त्या किमतीत दुसरी गाडी मी तरी चालवलेली नाही. फियाटने इथला गाशा गुंडाळला तेव्हा आम्हा दोन-चार जणांना घरचं कोणी गेल्यासारखं झालं.

आता मुद्द्यावर येतो. माझ्या गाडीची पंधरा वर्षं २०२७ ला भरतात. पासिंग करून पुढे चालवता येईल, दिल्लीत आला होता तसा दहा वर्षांत डिझेल मोडीत असला नियम आपल्याकडे नाही, पण नवीन घ्यावी म्हणून गेले सहा महिने शोरूम फिरतोय. आणि तिथे कळलं की मला हवी तशी गाडी बनतच नाही जवळजवळ. जमिनीजवळ बसणारी, साधी, चार दाराची हॅचबॅक नाहीतर सेडान, डिझेल इंजिनवाली. मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल बंदच केलं. पोलो, व्हेंटो, रॅपिडची डिझेल तेव्हाच गेली. होंडाची अमेझ आणि सिटी डिझेल गेली, वेर्ना डिझेल २०२३ ला गेली, आय ट्वेंटी डिझेलही गेली. हॅचबॅकमध्ये एकटी अल्ट्रोझ राहिली. साध्या माणसाच्या बजेटमधली डिझेल सेडान एकही नाही, मर्सिडीजमध्ये मिळते म्हणे, अभिनंदन.

पण म्हणून डिझेल संपलं का? नाही ना! नेक्सॉन, सोनेट, व्हेन्यू, थ्री एक्स ओ, क्रेटा, सेल्टॉस, कॅरेन्स, स्कॉर्पिओ, सफारी, इनोव्हा क्रिस्टा, सगळीकडे डिझेल आहे आणि लोक घेतायत. २०१२-१३ च्या सुमारास विकल्या जाणाऱ्या गाड्यांत निम्म्याहून जास्त डिझेल असायच्या, आता साधारण पाचात एक, पण ती एक बहुतेक वेळा उंच एसयूव्ही असते. संपली ती बैठी डिझेल गाडी. आणि आपल्या पानावर हा फरक कोणी लिहीत नाही, सरसकट डिझेल मेलं म्हणून मोकळे.

ती का संपली याचं कारण रस्त्यावर नाही, हिशोबात आहे. बीएस फोरला (हे गाडीच्या धुराचे सरकारी नियम) डिझेल गाडीला नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा किलोमीटरला २५० मिलीग्रॅम होती ती बीएस सिक्सला ८० झाली, धुराच्या कणांची २५ वरून साडेचार. हे चांगलंच झालं, मी काही धूर खायच्या बाजूने नाही. पण त्यासाठी जो फिल्टर आणि बाकीचं सामान लावावं लागतं त्याचा खर्च छोट्या गाडीला आणि मोठ्या गाडीला जवळपास सारखाच येतो, सोळा-सतरा लाखाच्या गाडीत तो लपतो, सात-आठ लाखाच्या गाडीत कसा लपणार? त्यात डिझेलचा भाव. पूर्वी पेट्रोल-डिझेलमध्ये तीस रुपयांपर्यंत फरक असायचा, ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर सरकारने मोकळे सोडले आणि आता तो दहा-पंधरा रुपयांच्या आसपास आलाय. रोड टॅक्स तर आपल्या राज्यात दहा लाखाच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के, डिझेलला १३, सीएनजीला ८. दहाच्या वर गेलं की १२, १४ आणि ९. म्हणजे बारा लाखाच्या गाडीवर सीएनजीवाल्यापेक्षा मी ६० हजार जास्त भरायचे.

आता माझ्या रनिंगला वर्षाला किती वाचतात ते बघा, पेट्रोलपेक्षा ७२ हजार. पेट्रोल १०४ धरा आणि गाडी लिटरला १५ देते, किलोमीटरला सात रुपयांच्या जरा आत. डिझेल ९० धरा, २० देते, साडेचार रुपये. फरक दोन रुपये चाळीस पैशांचा, गुणिले तीस हजार किलोमीटर. दोन-अडीच वर्षांत डिझेल घ्यायला घातलेले जास्तीचे पैसे वसूल. पण महिन्याला पाचशे-सहाशे किलोमीटर चालवणाऱ्याने डिझेल घेऊ नये, हे मी छातीठोक सांगतो, त्याचे पैसे सात-आठ वर्षं निघायचे नाहीत आणि वर फिल्टरचं दुखणं मागे लागेल. माझा मेव्हणा पुण्यात असतो, ऑफिस सहा किलोमीटरवर, त्याने शेजाऱ्याचं बघून डिझेल एसयूव्ही घेतली. नवीन डिझेल गाड्यांत सायलेन्सरच्या लाइनमध्ये डीपीएफ म्हणून फिल्टर असतो, त्यात काजळी साठते आणि गाडी सलग पंधरा-वीस मिनिटं हायवेच्या स्पीडला पळाली की ती जळून साफ होते. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये पळणार कुठे? दर दोन-तीन आठवड्यांनी डॅशबोर्डवर दिवा लागतो, मग साहेब रविवारी सकाळी एकटेच खेड शिवापूरच्या टोलनाक्यापर्यंत जाऊन परत येतात. फिल्टर साफ करायला. बहिणीला आधी संशय आला होता!

सीएनजी घ्या म्हणणारे भेटतात रोज. अहो सिलिंडरने डिकी खाल्ली तर मी पाइपचे नमुने डोक्यावर ठेवू का, आणि चढाला सीएनजीवर गाडी पेट्रोलपेक्षाही ढिली पडते ते वेगळं. पेट्रोल म्हणावं तर त्यात आता २० टक्के इथेनॉल, आणि इथेनॉलमध्ये ताकद पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्शाने कमी, ॲव्हरेज पडणारच. (ऊसवाल्या भागात राहून हे लिहितोय, उद्या माझंच गिऱ्हाईक तुटेल.)

शोरूमचा अनुभव सांगतो, नाव घेत नाही. डिझेल म्हटल्यावर पोरगा म्हणाला सर डिझेल बंद होणाराय, सीएनजी बघा. म्हटलं तुमच्याच कंपनीच्या कॅटलॉगवर छापलंय की. मग म्हणाला डेमो गाडी नाहीये. शेवटी टेस्ट ड्राइव्हला पेट्रोल दिली आणि म्हणतो सर सेम फील असतो. सेम फील! शंभर किलोचं वजन आणि दुप्पट टॉर्क, सेम फील कसा असेल बाबा?

तरी ओळखीपाळखीने बऱ्याच चालवून झाल्या. सोनेट-व्हेन्यूचं १.५ डिझेल सगळ्यात गुळगुळीत, काच लावली की डिझेल वाटत नाही. थ्री एक्स ओचं ३०० न्यूटन मीटरचं इंजिन घाटात राक्षस आहे, तिसऱ्यावरच निम्मा घाट चढते. नेक्सॉन खड्डे छान गिळते, पाटणच्या पुढच्या खराब पट्ट्यात आईला झोप लागली यातच आलं. पण उंच गाडी ती उंच गाडी, कोणत्याही कंपनीची घ्या, लागोपाठ डावं-उजवं वळण आलं की वरचा मजला आधी एकीकडे कलतो मग दुसरीकडे, आणि मागे बसलेल्याला दोन वळणांत मळमळतं. उलट अल्ट्रोझ चालवली, डिझेल, ९० हॉर्सपॉवर, पळायला वरच्यांपेक्षा कमी, पण वळणात जमिनीला चिकटून जाते आणि मला बऱ्याच वर्षांनी मित्राची पुंटो आठवली. मागे बसून आईला उलटी झाली नाही, हेच आमच्या घरचे एनकॅपचे सेफ्टी स्टार.

सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी बदलला तेव्हा चार मीटरच्या आतली आणि १५०० सीसीपर्यंतची डिझेल गाडी १८ टक्क्यांत बसली, आधी सेस धरून ३१ पडायचे. म्हणजे सरकारने छोट्या डिझेलला दार पूर्ण बंद केलेलं नाही. आता कंपन्यांनी त्या दारातून अजून एखादी बैठी डिझेल गाडी आणली तर माझ्यासारखे फिरस्ते, औषध कंपन्यांचे एमआर, कोकणात पर्यटक नेणारे टुरिस्टवाले, घेणारे पुष्कळ आहेत. फक्त ते मुंबई-पुण्यातल्या लॉंच पार्टीला नसतात.

आपल्याला विनंती एवढीच, पुढच्या वेळी गाड्यांच्या पानावर स्क्रीन किती इंचाची आणि सनरूफ आहे का नाही यात अर्धा कॉलम घालवण्याऐवजी एक पेट्रोल, एक सीएनजी आणि एक डिझेल अशा सारख्या किमतीच्या तीन गाड्या घ्या, प्रत्येकीत चार माणसं आणि सामान भरा आणि पावसाळ्यात पोफळीकडनं कुंभार्ली चढवा. तिन्हींना लागलेला वेळ, गिअर किती वेळा बदलला आणि मागच्या सीटवरच्या माणसाचं पोट, एवढं छापा. मी माझी जुनी स्विफ्ट घेऊन येतो तुलनेला. हेळवाकला वर आलात की चहा आणि भजी माझ्याकडून, फक्त २०२७ च्या आत या, नंतर त्या गाडीचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही.

आपला नेहमीचा वाचक,
कराड, जि. सातारा