बाप्तिस्म्याची घाई न करणाऱ्या पाळकसाहेबांना

आदरणीय पाळकसाहेब,
ख्रिस्तामध्ये सप्रेम सलाम.

आईच्या आजारपणात मंडळीने रात्र रात्र प्रार्थना केली, आई बरी झाली आणि मी तुमच्याकडे बाप्तिस्मा, म्हणजे पाण्याने होणारी ख्रिस्ती दीक्षा, मागायला आलो. तुम्हाला आनंद झाला, तो चेहऱ्यावर दिसत होता. तरीही तुम्ही विचारलंत, "आजार उलटला तर? तेव्हाही येशू हवा असेल का तुला?" उत्तरासाठी तुम्ही अडून बसला नाहीत. बायबलमधलं योहानाचं शुभवर्तमान, म्हणजे त्याने सांगितलेली येशूची कहाणी, हातात दिलंत आणि दर आठवड्याला माझ्याबरोबर वाचायला बसलात. त्याबद्दल आज चारचौघांत तुमचे आभार मानतो.

सहावा अध्याय वाचला तो दिवस मी विसरणार नाही. येशूकडून पाच हजारांना भाकरी मिळते आणि दुसऱ्या दिवशी लोक त्याला शोधत सरोवरापलीकडे येतात. येशू त्यांना तोंडावर सांगतो, पोटभर भाकरी मिळाली म्हणून तुम्ही मला शोधताय. पुढे त्याचं बोलणं जड वाटू लागतं, पुष्कळ शिष्य निघून जातात. तो बारा जणांनाही विचारतो, तुम्हीही जाणार का? पेत्र म्हणतो, प्रभू, आम्ही जायचं कोणाकडे? तिथे बोट ठेवून तुम्ही म्हणालात, "बघ, पेत्राने भाकरीचं नावही काढलं नाही."

गरजेपोटी येणाऱ्याला तुम्ही कधी कमी लेखलं नाहीत. आंधळा बार्तिमय, मुलीसाठी पाया पडणारा याईर, सगळे गरज घेऊनच आले होते आणि येशूने त्यांना परत पाठवलं नाही. पण बाप्तिस्मा घ्यायचा तो त्याच्यासाठी, हे तुम्ही ठामपणे सांगितलंत. नोकरी, लग्न, कोणाचा राग, कोणाचे उपकार, यातलं काहीही त्याला पुरेसं नाही. नरकाची भीतीही नाही. भीतीने आलेला माणूस भीती ओसरली की निघून जातो. पंडिता रमाबाईंचं उदाहरण तुम्ही दिलंत. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला. पण आपल्याला ख्रिस्ती धर्म आधी मिळाला आणि ख्रिस्त नंतर, असं त्यांनीच लिहून ठेवलं आहे. इतकी विद्वान, इतकी प्रामाणिक बाई!

मला धरून ठेवलं ते तेराव्या अध्यायाने. येशू कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो, तेव्हा यहूदा अजून तिथेच बसलेला असतो. तो उठून बाहेर जातो ते नंतर. म्हणजे धरून देणारा कोण हे ठाऊक असूनही येशूने त्याचेही पाय धुतले. देव असा असेल तर मला त्याचंच व्हायचं आहे, असं त्या दिवशी मनापासून वाटलं. मी तसं बोललो, तर तुम्ही लगेच प्रेषित पौलाच्या पत्राकडे नेलंत: ख्रिस्त मेलेल्यांतून उठला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ आहे, असं तो करिंथच्या मंडळीला सरळ लिहितो. नुसतं भारावून जाऊ नकोस, हे खरं आहे का तेही तपास, म्हणालात. माझ्या शंका तुम्ही एकेक करून ऐकल्यात, एकीलाही अविश्वास म्हणाला नाहीत.

बाप्तिस्म्यानंतर आईचा आजार खरंच उलटला, आणि या खेपेला ती गेली. किती रडलो ते तुम्ही पाहिलं आहे. पण येशूला सोडून जावं असं मनात आलं नाही. तुम्ही मला पहिल्याच दिवशी पाण्यात उतरवलं असतं, तर त्या दिवसांत माझ्याजवळ काय राहिलं असतं कोण जाणे.

आता मी बाप्तिस्म्याच्या वर्गाला मदत करतो. ख्रिस्ती झालो की अडचणी संपतील ना, असं एका तरुणाने परवा विचारलं. नाही, असं सांगून मी त्याला लूकच्या शुभवर्तमानातला बुरूज बांधणाऱ्याचा दाखला वाचायला दिला, आधी बसून खर्चाचा हिशोब करणाऱ्याचा. वाचून पुढच्या आठवड्यात येतो म्हणालाय. त्याच्यासाठी प्रार्थना करा.

आपला,
वर्गातला एक जुना विद्यार्थी