आंतिग्वा कोणी वसवले?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत ग्वाटेमालातील आंतिग्वा शहरावरील प्रवासलेख वाचला. (क्रिकेटमुळे आपल्या परिचयाचे कॅरिबियन बेट ते निराळे.) लेख रंजक आहे, मात्र 'पेद्रो दे अल्वारादो याने १५२४ मध्ये हे शहर वसवले' हे त्यातील विधान दुरुस्त व्हायला हवे.

अल्वारादो या स्पॅनिश सेनानीने २५ जुलै १५२४ रोजी सान्तियागो नगराची स्थापना जाहीर केली ती इशिम्चे येथे, म्हणजे ज्या काक्चिकेल माया लोकांनी त्याला दोस्त मानून आश्रय दिला होता त्यांच्याच राजधानीत. तेथे होता तो केवळ फौजेचा तळ. सोन्याची मागणी असह्य होताच काक्चिकेल राजधानी सोडून डोंगरात गेले आणि पुढे कित्येक वर्षे स्पॅनिशांशी लढत राहिले. कायमची म्हणावी अशी वसाहत नोव्हेंबर १५२७ मध्ये आल्मोलोंगा खोऱ्यात आखली गेली, आणि तीही पेद्रो स्पेनला गेलेला असताना, त्याचा भाऊ होर्हे याच्या हुकमाने. सप्टेंबर १५४१ मधील अतिवृष्टीत आग्वा ज्वालामुखीच्या उतारावरून आलेल्या चिखल-दगडांच्या लोंढ्याने ती उद्ध्वस्त केली. पेद्रोच्या मृत्यूनंतर नुकतीच गव्हर्नर झालेली त्याची पत्नी बेआत्रिस दे ला क्वेवा हीही त्यात दगावली. त्यानंतर पांचोय खोऱ्यात जे तिसरे नगर १५४३ मध्ये उभे राहिले, तेच आजचे आंतिग्वा. तोवर पेद्रोला जाऊन दोन वर्षे होत आली होती.

तारखेपेक्षा मला अधिक खटकले ते लेखात मूळ रहिवाशांचा उल्लेखच नसणे. मध्य मेक्सिकोतून आलेल्या त्लाश्काला व इतर नाहुआ (नाहुआत्ल भाषा बोलणाऱ्या) योद्ध्यांशिवाय अल्वारादो बंधूंचा निभाव लागणे कठीण होते. स्पॅनिश पांचोयला गेल्यावरही यांतील अनेक कुटुंबे आल्मोलोंगातच राहिली आणि युद्धात दिलेल्या साथीच्या बदल्यात खंडणीतून सूट मिळावी म्हणून राजाकडे अर्ज करीत राहिली. नव्या नगराभोवतीच्या वस्त्यांत तर १५५० च्या सुमारास गुलामीतून मुक्त झालेले माया लोक मोठ्या संख्येने स्थिरावले. शहराचा रोजचा गाडा मुख्यतः याच लोकांच्या श्रमांवर चालत असे.

मेक्सिकोतील पुएब्ला येथे एक मोठा चित्रित सुती पट जतन केलेला आहे. होर्हेच्या मोहिमेत लढलेल्या क्वाउकेचोलान येथील दोस्तांच्या बाजूने त्यात ती मोहीम रंगवलेली आहे. लेखासोबत चर्चच्या भग्नावशेषांची चार छायाचित्रे छापली आहेत. त्यांपैकी एकाऐवजी या पटाचा काही भाग छापला असता तर अधिक उचित झाले असते. विधानाची दुरुस्ती मात्र पुढील पुरवणीत अवश्य प्रसिद्ध करावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे