बालीतल्या जातिलुविहच्या वाटेवरच्या ब्लींना

प्रिय ब्ली,

तुमच्याकडे थोरल्या भावाला ब्ली म्हणतात हे तुम्हीच सांगितलंत, म्हणून तेच लिहिते. तुम्हाला मराठी वाचता येणार नाही. माझी मुलगी याचा इंग्रजी मजकूर तुमच्या फोनवर धाडेल. तरीही पत्र मराठीतच लिहायचं होतं, कारण त्या दिवशी माझी आई जे बोलली ते सगळं मराठीतच बोलली, आणि तुम्हाला ते कळत होतं असं मला शेवटपर्यंत वाटत राहिलं.

आधीचे तीन दिवस कसे गेले ते तेव्हा बोलले नव्हते. आई 73 वर्षांची, माळकरी. पुण्याहून निघण्याआधी सहल नेणाऱ्यांना मी तीनदा फोन केला, तीनदा "काही काळजी करू नका, शुद्ध शाकाहारी" असं ऐकलं. पहिल्याच रात्री तिच्या नूडल्समधून कोळंबी निघाली. तक्रार केली तर त्यांचा माणूस आईसमोरच म्हणाला, "बाजूला काढून खा ना, ताई. एवढ्या वयाच्या माणसाला आणायचं कशाला?" त्यानंतर तिने ताटाला हातच लावला नाही. खाकरा, केळं आणि गरम पाणी. विचारलं की म्हणायची, "मला भूकच नाही गं." बस झोपाळ्याच्या फोटोसाठी थांबे, मग कॉफीच्या दुकानाशी, आणि ती खिडकीला डोकं टेकून बसलेली. टीव्हीवर तुमच्याकडची भाताची खाचरं बघून तिला बालीला यायचं होतं. खाचरं तेवढी कार्यक्रमात नव्हती.

चौथ्या दिवशी आम्ही त्या बसमध्ये चढलोच नाही. तुमच्या गाडीत बसलो.

निघण्याआधी तुम्ही डॅशबोर्डवर नारळाच्या पानाची चिमुकली परडी ठेवलीत, चानांग सारी. पांढरं फूल पूर्वेला, तांबडं दक्षिणेला, पिवळं पश्चिमेला. आईने त्यातला झेंडू ओळखला आणि हात पुढे केला. तुम्ही तो तिच्या हातात दिलात आणि तिलाच ठेवायला सांगितलंत. ताबानानच्या वाटेवर एका बाईच्या चुलीपाशी गाडी थांबवलीत. मातीच्या साच्यात तांदळाच्या पिठाचे हिरवट लाकलाक भाजत होते, वर खोवलेलं खोबरं आणि गुळाचा पाक. आईने तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, "इबू (आई), अंडं नाही. तांदूळ आणि नारळ." तिला आमचे आप्पे आठवले. तिने चार खाल्ले. मी मोजत होते.

मग जातिलुविह. बातुकारू डोंगराच्या उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरत गेलेली भातशेती, वर ढग टेकलेले. 2012 साली युनेस्कोने सुबाकला, म्हणजे शेतकऱ्यांच्या सामाईक पाणीवाटपाच्या व्यवस्थेला, जागतिक वारशाचा मान दिला, तो फलक तिथे आहे. तुम्ही फलकापाशी थांबला नाहीत. आईला थेट पाटापाशी नेलंत आणि पाणी एका खाचरातून दुसऱ्यात कसं जातं ते बोटाने दाखवलंत. पाणी कोणा एकाचं नाही, सुबाकाचं. कोणी कधी लावायचं, जमीन कधी पडीक ठेवायची, हे सगळे बसून ठरवतात आणि पेकासेह, म्हणजे सुबाकाचा प्रमुख, त्यावर लक्ष ठेवतो. सगळ्यांची शेतं एकाच वेळी मोकळी राहिली की किडीला खायला उरत नाही. सत्तरच्या दशकात सरकारी सल्ल्याने वर्षभर भात लावायला लागले, तेव्हा किडीने शेतं खाल्ली, हेही तुम्ही सांगितलंत. आमच्याकडे धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम नद्यांवर अशीच फड पद्धत होती, पाणी वाटून द्यायला पाटकरी असायचा. आईला तिचं नाव माहीत नव्हतं, पण पाण्याची पाळी माहीत होती. ती भोर तालुक्यातली, लग्न होईपर्यंत दर पावसाळ्यात आवणीला गुडघाभर चिखलात उभी राहिलेली.

बांधावर तुम्ही तुमची चप्पल काढलीत, मग आईनेही काढली. एक लोंबी धरून तिने दाणा नखाने चिमटला. पांढरं दूध आलं. "दूध भरलंय," ती म्हणाली. "अजून महिनाभर तरी." तुम्ही शेतातल्या म्हाताऱ्या बाबांना ते सांगितलंत, तर त्यांनी मान डोलावली आणि तळहातात लपेल एवढं पातं काढून दाखवलं. त्यांचं तांबडं भात अजून त्या अनी-अनीने एकेक लोंबी करून कापतात. मोठा विळा बघून भाताची देवी श्री घाबरू नये म्हणून. आईने लगेच हात जोडले. श्री म्हणजे कोण हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

आता ज्यासाठी हे पत्र आहे ते लिहिते.

दुपारी वारुंगमध्ये, त्या छोट्या घरगुती खाणावळीत, ताटं आली. तांबडा भात, आंबवलेल्या सोयाबीनचं टेंपे, खोबरं घातलेली भाजी, बाजूला साम्बल, म्हणजे मिरचीची चटणी. आई फक्त कोरडा भात चिवडत होती. मी गप्प होते, कारण पुन्हा कोणाशी वाद घालायचं बळ माझ्यात नव्हतं. तुम्ही तिच्या ताटाकडे पाहिलंत आणि काही न विचारता उठून स्वयंपाकघरात गेलात. बाहेर आलात ते म्हणालात, साम्बलमध्ये आणि भाजीच्या वाटणात तरासी आहे, जवळ्यासारख्या बारीक कोळंबीचा आंबवलेला गोळा. इथे ती इतकी रोजची आहे की शाकाहारी म्हटलं तरी कोणाच्या लक्षातच येत नाही.

तेवढं सांगून तुम्ही थांबला असतात तरी मी आभार मानले असते. तुम्ही परत आत गेलात. मी दारातून बघत होते. त्या घरच्या बाईंकडून तुम्ही चोबेक, वाटण वाटायचा दगडी खल, मागून घेतलात आणि मोरीपाशी उकिडवे बसून कढत पाण्याने धुतलात. वास घेतलात. पुन्हा धुतलात. आणखी एकदा वास घेतलात. मग मिरच्या, छोटे कांदे, टोमॅटो, मीठ आणि गुळाचा खडा त्यात घालून स्वतः वाटलंत. लिंबू पिळलंत. नवीन भाजी उकडून घेतलीत, नुसतं खोबरं घालून. आणि स्वतःच्या ताटातलं मासळीचं वाढप परत करून आईच्या शेजारी बसून तेच जेवलात.

आईने दुसऱ्यांदा भात मागून घेतला. मी पाण्याच्या निमित्ताने उठले, कारण मला रडू आवरत नव्हतं.

ब्ली, तो दुसऱ्यांदा घेतलेला वास माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. माझी आई तुमची कोणी नव्हती. तिच्या माळेचा अर्थ तुम्हाला ठाऊक नव्हता. एक धुणं पुरलं असतं, तिला कळलंही नसतं. ज्यांनी पैसे घेऊन शब्द दिला होता त्यांना तिचं अन्न म्हणजे कटकट वाटली, आणि तुम्हाला ते तुमच्या घरच्या देवाच्या नैवेद्याइतकं जपावंसं वाटलं. तुम्ही गाडीत त्री हित करणाबद्दल बोललात: देवाशी, माणसांशी आणि निसर्गाशी नीट राहणं. ते शब्द संस्कृत, म्हणून आईला ओळखीचे वाटले. मला त्यांचा अर्थ त्या मोरीपाशी कळला. अशी माणसं आमच्याकडेही आहेत. वारीच्या वाटेवर अनोळखी म्हाताऱ्यांचे पाय दाबून देणारी मी पाहिली आहेत. पण हक्काचं कोणीच जवळ नसताना, परक्या देशात असं माणूस भेटणं फार मोठं असतं.

आईने माळ्यावरचा पाटा-वरवंटा खाली काढायला लावला आहे. तुमचं साम्बल ती त्यावर वाटते, आणि गुळाचा खडा विसरत नाही. निघताना तुम्ही आभारासाठी शिकवलेलं "सुक्स्मा" तिला नीट म्हणता येत नाही, तरी देवापुढे म्हणते.

भोरला आता तरव्यात भात पेरलंय. तिने सांगितलेला महिना होऊन गेला. रोज सकाळी ती मला एकच विचारते, म्हणून तुम्हाला विचारते: त्या बाबांचं वरच्या खाचरातलं भात कापून झालं का?

तुमची धाकटी बहीण