तक्रार: 25 वर लावलेला हीटर 31 अंशांवरही बंद होत नाही

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: माशांच्या टाकीसाठीच्या आपल्या 50 वॉटच्या काचेच्या हीटरचा सदोष थर्मोस्टॅट आणि त्यावर फोनवर मिळालेली उत्तरं

आपल्या प्रतिनिधीने आत्ताच फोन ठेवला. आता लेखी देते, म्हणजे "आमच्याकडे तुमची नोंद नाही" हे पुन्हा ऐकावं लागणार नाही.

डायल 25 वर, पाणी 31 वर, दिवा पेटलेलाच. ही डायलच्या आकड्यांतली तफावत नाही. तशी असती तर हीटर 27 वर का होईना बंद झाला असता आणि डायल दोन अंश खाली घेऊन भागलं असतं. हा बंदच होत नाही. बादलीत 15 लिटर पाणी घेऊन, हवेचे बुडबुडे सोडणारा एअरस्टोन चालू ठेवून, हीटरपासून लांब दोन वेगळे थर्मामीटर सोडून पाहिलं, तरी तेच. काचेच्या नळीवर नखाने टिचकी मारली की आत टक् असा आवाज येतो आणि दिवा विझतो. म्हणजे थर्मोस्टॅटमधल्या, तापल्यावर वाकून वीज तोडणाऱ्या पट्टीचे कॉन्टॅक्ट चिकटताहेत. ठिणग्यांनी कॉन्टॅक्ट भाजले की असं होतं, हे हीटर बनवणाऱ्यांना मी सांगायला नको.

हीटर होता निऑन टेट्रा या छोट्या माशांच्या ब्रीडिंग टँकमध्ये, म्हणजे अंडी घालण्यासाठीच्या वेगळ्या टाकीत. तळ मोकळा, जावा मॉस या पाणवनस्पतीचा झुपका, मंद चालणारा स्पंज फिल्टर, पीएच 6 च्या खाली, जीएच म्हणजे पाण्याचा जडपणा 1 ते 2. अंडी पडली की जोडी लगेच बाहेर काढायची, नाहीतर तीच अंडी खाते. अंड्यांना उजेड सोसत नाही, म्हणून चारही बाजूंनी काळा कागद. 25 अंशांना साधारण 24 तासांत अंडी फुटतात, त्यानंतर काही दिवस पिल्लं काचेला आणि मॉसला चिकटून असतात, मग पोहायला लागतात आणि इन्फ्युसोरिया, म्हणजे पाण्यातले सूक्ष्मजीव, खायला मागतात. एवढे दिवस टँक झाकलेला राहतो. सारखं डोकावता येत नाही, सगळी भिस्त थर्मोस्टॅटवर. पाणी तापलं की अंड्यांची ऑक्सिजनची गरज वाढते आणि पाण्यातला ऑक्सिजन कमी होतो. कागद काढला तेव्हा सगळी अंडी पांढरी पडून बुरशीने माखली होती.

आता फोनवरचं संभाषण, जसंच्या तसं. मासा कुठला ते विचारून प्रतिनिधी म्हणाला, "उष्ण प्रदेशातला मासा आहे, 31 ला काही होत नाही. डिस्कस 30 ला राहतो." डिस्कस हा वेगळा मासा, तो राहतो. निऑन हा अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातल्या, झाडांच्या सावलीतल्या ओढ्यांचा मासा आहे, त्याच्या अंड्यांना 24-25 लागतं. मग म्हणाला, "डायल 20 वर ठेवा." कॉन्टॅक्ट चिकटल्यावर डायल कुठेही असला तरी काय उपयोग, हे समजावलं. मग, "झाकण काढून लक्ष ठेवा, तापलं की प्लग काढा." उजेडाचं सांगितलं. बराच वेळ फोन होल्डवर. परत आला आणि म्हणाला, "मॅडम, अंडीच गेली ना? मासे आहेत, परत घालतील."

परत घालतील! नर-मादी आठवडाभर वेगळे ठेवून जिवंत खाद्य द्यायचं, पोटाने भरलेली मादी निवडायची, जिची निळी रेघ पोटामुळे वाकलेली दिसते, सडपातळ, सरळ रेघेचा नर निवडायचा, आरओचं मऊ पाणी मुरवायचं, संध्याकाळी जोडी सोडायची. एवढं करूनही जोडी दरवेळी अंडी देतेच असं नाही. ज्याला हे ठाऊक नाही, त्याला मासे पाळणाऱ्या ग्राहकांचे फोन का देता?

दुसरा मुद्दा खोक्यावरचा. "10 ते 50 लिटरसाठी" असं आपण छापलं आहे. बाहेर जाणारी उष्णता सोडली तर 50 वॉट 15 लिटर पाणी 21 मिनिटांत एक अंश तापवतो. कॉन्टॅक्ट रात्री चिकटले तर सकाळपर्यंत काय होईल, याचा हिशेब छापण्याआधी करायला हवा होता. लिटरला एक वॉट धरला तर इथे 15-20 वॉट पुरे. तेवढा हीटर चिकटला तरी नुकसान आवरण्याजोगं राहतं. मासा जितका लहान आणि पाणी जितकं कमी, तितका थर्मोस्टॅट बिनचूक हवा. आणि आपला बंदच होत नाही, हे पुन्हा लिहिते.

इतकी वर्षं आपल्या कंपनीचे फिल्टर आणि एअरपंप मी निर्धास्त वापरले, दुसऱ्यांनाही सुचवले. ते आता थांबलं.

मला पूर्ण रक्कम परत हवी. बदली हीटर नको, कारण त्यातही हाच थर्मोस्टॅट असणार. या बॅचची तपासणी करा, खोक्यावरची लिटरची मर्यादा दुरुस्त करा आणि तापमान हाताबाहेर गेल्यावर वीज तोडणारा वेगळा कटऑफ बसवा. हीटर जपून ठेवला आहे, आपला तंत्रज्ञ आला तर त्याच्यासमोर चाचणी करून दाखवेन. 15 दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर चाचणीचा व्हिडिओ आणि खोक्याचा फोटो घेऊन मी ग्राहक न्यायालयात जाणार आहे. यापुढे फोन करू नका, लिहून कळवा.

आपली एक ग्राहक