टांकसाळीच्या चुकांची नाणी: रविवारच्या बैठकीला आणण्याआधी वाचा

मंडळी, सालाखाली टांकसाळीचं चिन्ह नाही म्हणून नाणं दुर्मीळ ठरत नाही. मुंबईचा हिरा, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका. कोलकाता टांकसाळ चिन्ह देतच नाही. दर बैठकीला अशी दोन-चार निघतातच!

एका बाजूला सिंहमुद्रा उलटी आणि खोलगट उमटली असेल, तर भिंगाखाली नीट बघा. तिच्याखाली मूळ आकड्याच्या चेपलेल्या खुणा दिसल्या, तर ती टांकसाळीची चूक नाही, ते नाणं दुसऱ्या नाण्यासोबत व्हाइसमध्ये (लोखंडी शिकंज्यात) दाबून केलेलं आहे.

छाप सरकलेल्या नाण्यावर साल वाचता येत असेल, तर भाव बरा मिळतो. गुजरीतून (सराफ बाजारातून) पॉलिश मारून आणू नका, चिंच-पितांबरीही नको. व्हिडिओत सांगतात ते लाखाच्या किमतीचे आकडे घरीच ठेवा. वजनकाटा आम्ही आणतोय.